आयत अबेल्लांची कोठी

ओफेल्ला गावात गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे आधी कोंबड्यांशी वैर घ्यायचं. इज्जानं ते तीन वर्षं घेतलं. रिबाबच्या एकुलत्या एक तारेवर तिनं गज टेकवावा, सूर लागतो न लागतो तोच शेजारचा कोंबडा गळा काढायचा. कोंबडा दमला की विहिरीवरचा पंप सुरू. पंप थांबला की बाजाराची जीप भोंगा वाजवत वळणावर. आणि ज्या दिवशी हे सगळे गप्प, त्या दिवशी नेमका वारा.

"इज्जाबाई, त्या कोंबड्यालाच चौथा गडी म्हणून घेऊन टाक," बाहा म्हणायचा. "तालाला पक्का आहे मेला. आपल्या वहमानपेक्षा बरा."

या बाहाचं वळणावर पंक्चरचं दुकान. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या ब्रेकचं लोखंडी भांडं त्यानं ठेवून घेतलं होतं, आणि दोन सळयांनी ते असं वाजवायचा की लग्नातल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा खांदे हलायला लागत. वहमान तारांचा लोतार छेडायचा, डफ वाजवायचा, आणि इज्जाचा नवरा होता. अकरा वर्षांपूर्वी खिंडीपलीकडून एका लग्नात वाजवायला म्हणून आला तो परत गेलाच नाही. गाव त्याला अजून घरजावई म्हणतं. तो हसतो आणि म्हणणाऱ्याच्याच घरचं पुढचं लग्न पक्कं करून टाकतो.

आणि इज्जा. बापाचा रिबाब तिनं मांडीवर घेतला तेव्हा गावात कुजबुज झाली होती. बायांनी गावं, टाळ्या द्याव्या, नाचावं, त्याला कुणाची ना नव्हती. पण गज? बाईच्या हातात गज? इज्जा म्हणाली, "हात माझे, बाप माझा, तुमचं काय जातं?" आणि वाजवत राहिली. दोन उन्हाळे गेले नाहीत तोच कुजबुजणाऱ्या बायाच आपापल्या लेकींच्या लग्नाचं आवतण घेऊन तिच्या दारात आल्या. येणारच! तसा गज त्या डोंगरात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि हे मी पदरचं सांगत नाही.

पण लग्नं असतात ऑगस्टात. ओफेल्लाचे पुरुष तिकडे कासाब्लांकात किराणा दुकानं चालवतात, ऑगस्टात गावी येतात, लग्नं उरकतात आणि जातात. उरलेले अकरा महिने कलावंतानं काय दगड चावायचे? म्हणून एकदा तिघं आगादिरला गेले, एका स्टुडिओत. तिथल्या गृहस्थानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि गाणं बाहेर आलं तेव्हा त्यात रिबाब नव्हताच. होता तो त्याचा ऑर्गन. "रिबाब कानाला टोचतो हो हल्लीच्या लोकांच्या," तो म्हणाला. इज्जाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"टोचायलाच असतो तो," ती म्हणाली, रिबाब पिशवीत घातला आणि चालती झाली. परतीच्या बसमध्येच ठरलं की आता आपलं आपण करायचं, आणि ओफेल्लात बसून करायचं. बाहानं इनेझगानच्या जुन्या बाजारातून बॅटरीवर चालणारं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. त्यानंतर कोंबडा. ते सांगितलंच.

गावाच्या डोक्यावर, कड्याच्या टोकाला, कोठार आहे. दगडमातीचं, तीन मजली, दार एकच. आत प्रत्येक घराची एक कोठी, आणि सगळ्यांत वरच्यांची दारं पुढच्या अंगणावर उघडणारी. तिथं सातू असतो, बदाम, तेलाचे बुधले, जमिनीचे कागद, आजीची चांदी. भिंतीतून बाहेर आलेल्या चपट्या दगडांवर पाय देत वर चढायचं आणि हातभर लांब लाकडी किल्लीनं आपली कोठी उघडायची. आयत अबेल्ला हे इज्जाच्या घराण्याचं नाव; त्यांची कोठी सगळ्यांत वरची, कडेची. बाप गेल्यापासून ती रिकामी होती. भाऊ कासाब्लांकात, बदामाची झाडं कोरड्या सालांत वाळून गेलेली. ठेवायचं काय तिथं? एका हिवाळ्यात इज्जा नुसती झाडलोट करायला म्हणून गेली. झाडता झाडता सवयीनं गुणगुणली आणि हातातला झाडू तसाच राहिला.

आवाज तिच्याजवळच थांबला होता. भिंतीवर आपटून परत आला नाही, कुठं पळाला नाही. दीड हात जाडीची माती. ना कोंबडा, ना पंप, ना वारा. तिनं आणखी एक ओळ म्हटली, मग मुद्दाम एक वाईट ओळ म्हटली, आणि तीही जशीच्या तशी तिच्यासमोर उभी राहिली. ती धडपडत खाली आली ती थेट राखणदारापुढं.

राखणदार दा बिही. त्याचा बाप राखणदार, आजा राखणदार. कोठाराच्या दाराशी एक गुळगुळीत दगड आहे, तीन पिढ्यांच्या बसण्यानं झिजलेला. दा बिही दिवसभर त्यावर बसलेला असायचा.

"दा, कोठीत गाणं ठेवलं तर चालेल?"

दा बिहीनं डोळे किलकिले करून तिच्याकडे बघितलं. "उंदीर लागत नाहीत ना त्याला?"

"नाही."

"मग आण की." ती उड्या मारत निघाली तेवढ्यात त्यानं काठी आपटली. "अगं, थांब! ऐकून तर घे. हे नियम माझ्या बापाच्याही आधीचे आहेत. आत जनावर नाही, आत विस्तव नाही, चपला बाहेर. दारापासून चाळीस पावलांत काडीसुद्धा ओढायची नाही. आणि हंगाम संपला की कोठीत जे असेल त्यातलं एक माप राखणदाराला. तुझ्या कोठीतनं ते सात वर्षं आलेलं नाही, पोरी. दहा हंगाम माप चुकलं की कोठी गावाची होते. मग कुणाला द्यायची ते पंच बघतात."

"पण गाण्याचं माप कसं देऊ, दा?"

"ते मला काय विचारतेस? गाणारी तू. तीन हंगाम आहेत, कर विचार."

मग जे झालं ते ओफेल्लानं डोळ्यांनी बघितलं. कोठीत पहिलं गाणं झालं आणि बाहाच्या फोनवरून कासाब्लांकाला गेलं. तिथं एका दुकानदारानं ते साखर तोलता तोलता लावलं, आणि म्हणे हातातलं माप तसंच धरून उभा राहिला. दुसऱ्याला पाठवलं, त्यानं तिसऱ्याला. वर्षभरात परिस्थिती अशी झाली की कासाब्लांकातल्या निम्म्या किराणा दुकानांत सकाळी शटर वर जायचं ते इज्जाच्या रिबाबवर. लग्नं ऑगस्टात मावेनात, म्हणून वसंतातही व्हायला लागली. खिंडीपलीकडची गावं जीप पाठवायची. वहमाननं घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकला. बाहानं पंक्चरच्या दुकानावर पाटी लावली: 'टायर व संगीत'. शहरातले लोक वाट वाकडी करून ओफेल्लात यायला लागले, गाणं कुठं होतं ते बघायला, आणि दा बिही त्यांना दारातच चपला काढायला लावायचा. इज्जा त्या दिवसांत ताठ चालायची. का चालू नये?

फक्त माप राहिलं होतं. एक हंगाम गेला, दुसरा गेला. तिनं बाजारातून सातू विकत आणून दिला तर दा बिहीनं हात लावला नाही. "हा तुझ्या कोठीतला नाही," एवढंच म्हणाला. तिनं गाण्यात त्याचं नाव घालू का विचारलं. तो हसला. "माझं नाव मला पाठ आहे."

दहावा हंगाम आला आणि त्याच्याबरोबर आगादिरच्या एका हॉटेलाचा निरोप आला. बारमाही काम, राहायला जागा. रात्रीच्या जेवणाला कोपऱ्यात बसून वाजवायचं, हळू, पाहुण्यांना बोलताना अडचण होऊ नये इतपत.

"हळू?" इज्जा म्हणाली. "रिबाब आणि हळू?"

"मला तरी कुठं जायचंय," वहमान म्हणाला. "पण कोठी गेली तर काय करणार? पुन्हा कोंबडा? आपल्याला आता लोक गाणं मागतात, इज्जा. ते करायला जागा नको?"

तो खोटं बोलत नव्हता. इज्जानं भाकरीचा तुकडा तेलात बुडवला आणि तो तसाच ठेवला. "कोठी राहिली तर आपण राहायचं," ती शेवटी म्हणाली. "गेली तर मी एक शब्द न बोलता सामान बांधीन. पण हॉटेलवाल्याला शुक्रवारनंतर सांग. पंच शुक्रवारी बसतात."

शुक्रवारला चार दिवस होते.

सोमवारी सकाळी समुद्राकडून धुकं चढलं. असल्या धुक्यात डफाचं कातडं सैल पडतं. वहमाननं थाप मारली तर नुसतं भप्प. डफ शेकायला तो कोठारापासून लांब खळ्यावर गेला. चाळीस कसली, चांगली सत्तर पावलं. बदामाच्या टरफलांचा जाळ केला, डफ फिरवून फिरवून शेकला. बोटानं टिचकी मारली तशी खणखणीत आवाज आला. मग त्यानं तेच केलं जे धुक्यात प्रत्येक डफवाला करतो. ऊब जाऊ नये म्हणून जाळाशेजारी पडलेल्या गोणपाटात डफ गुंडाळला आणि काखोटीला मारला. जाळ विझवला, तुडवला, वर माती लोटली. माणूस निष्काळजी नव्हता हो. फक्त गोणपाटाच्या घडीत टरफलाचा एक निखारा राहिला होता, हरभऱ्याएवढा.

कोठीत तिघं बसले. दार ओढून घेतलं. बाहानं यंत्राचं बटण दाबलं, बोट वर केलं, इज्जानं गज उचलला. पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसऱ्याला बाहाचं नाक फुरफुरलं. तिसऱ्याला कोपऱ्यातलं गोणपाट लाल झालेलं इज्जाला दिसलं.

"वहमान!"

वहमाननं डफ टाकला आणि अंगच झोकून दिलं. इज्जानं डोक्यावरचं वस्त्र काढून त्यावर दाबलं, तळव्यांनी, जोर लावून. आग अशी नव्हतीच, पाच श्वासांत विझली. पण ओलं गोणपाट धुमसलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोठी धुरानं गच्च भरली. बाहानं लाथ घालून दार उघडलं, धूर भसकन अंगणात उतरला, आणि खाली दा बिही दगडावरून उठला.

त्यानं हाळी दिली.

ओफेल्लात राखणदाराची शेवटची हाळी झाली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. पोरांनी ती फक्त गोष्टीत ऐकलेली. राखणदार कोठाराच्या दारात उभा राहून "कोठार, हो!" म्हणून ओरडतो, आणि प्रत्येक घरातून जे कुणी असेल ते हाताला लागेल ते घेऊन धावतं. दाराशी पोचलं की आपल्या घराचं नाव पुकारायचं. राखणदार म्हणतो, "ऐकलं!" सगळी घरं आली की हाळी पुरी. म्हातारपणानं खरखरीत झालेला दा बिहीचा आवाज त्या धुक्यात कसा कुठून निघाला देव जाणे. कड्याखाली शेवटच्या वाडीपर्यंत गेला तो.

वहमान वरून ओरडत होता, "विझलं! दा, विझलं!" पण कोण ऐकतंय! पहिलं घर केव्हाच पोचलं होतं, मागून गर्दी उसळली होती. घागरी, बादल्या, एकीच्या हातात तर भिजवलेलं पीठ असलेली परात.

"आयत हम्मू!"

"ऐकलं!"

"आयत याह्या! दा, आम्ही आलो, आयत याह्या!"

"ऐकलं!"

इज्जा कोठीच्या दारात, उंचावर, एका हातानं चौकट धरून उभी होती. धुरानं घसा आवळला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाली एकेक घर येत होतं, नाव पुकारत होतं. तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. अर्धा धुरानं, अर्धा लाजेनं. आपल्यामुळं! चाळीस वर्षांत पहिली हाळी, आणि ती आपल्यामुळं! धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

पुढचे तीन दिवस गावानं तिला काही म्हटलं नाही, हेच वाईट. विहिरीवर बाया बाजूला सरून जागा द्यायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि दा बिही तर तिच्याकडे बघेना. रोज सकाळी ती खालून बघायची. तो कोठाराच्या दारात उभा. चौकटीला टेकून, काठीवर भार देऊन, उभा. एकदाही त्या दगडावर बसला नाही.

"राग बघ त्याचा," वहमान म्हणाला. त्याच्या दंडाला भाजल्याचा फोड होता. "बसतसुद्धा नाही. चूक माझी, इज्जा. मीच ते गोणपाट आत आणलं. अकरा वर्षं राहिलो, पण शेवटी परकाच ठरलो."

"गप्प बस," इज्जा म्हणाली. "परका असतास तर डफ थंड वाजवला असतास."

गुरुवारी बाहा यंत्र घेऊन आला. त्यातलं सोमवारचं पुसून टाकू या म्हणाला, जागा अडते. तिनं हेडफोन कानाला लावला, पहिली दोन कडवी तरी ऐकावी म्हणून. दोन ऐकली. मग तिची स्वतःची किंकाळी, धडपड, खोकला, दार आपटल्याचा आवाज. यंत्र चालूच राहिलं होतं. कुणाला सुचलं होतं ते बंद करायचं? आणि उघड्या दारातून खालचं सगळं आत आलं होतं. ती ऐकत राहिली. बाहानं दोनदा हाक मारली, तिनं हात वर करून त्याला थांबवलं. संपलं तेव्हा तिनं परत पहिल्यापासून लावलं आणि या खेपेला बोटांवर मोजत गेली.

"पुसायचं नाही," ती म्हणाली. "उद्या तुझा तो मोठा स्पीकर आण."

शुक्रवारी नमाजानंतर गाव कोठाराच्या अंगणात जमलं. पंच भिंतीशी बसले. त्यांत मुख्य हाज बुजमा, तीस वर्षं कासाब्लांकात दुकान करून परत आलेला, जाडजूड, वाक्यागणिक दम लागणारा माणूस. दा बिही दारात, उभाच.

"मला कुणाशी वैर नाही," हाज बुजमानं सुरुवात केली. "गाणं चांगलं आहे, मीही ऐकतो. पण या कोठारात माझ्या आज्याचे कागद आहेत, कातड्यात गुंडाळलेले. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, सगळं त्यात. ते जळलं तर मी माझ्या नातवाला काय दाखवू? आणि नियम नियम आहे. दहा हंगाम झाले. कोठीत धान्य ठेवतात. इज्जा, तू काय ठेवलंस? धूर?"

लोक हसले. इज्जाचे कान तापले, पण ती उभी राहिली.

"धूर आम्हीच आणला, हाज. ती चूक आमची. वहमाननं जाळ सत्तर पावलांवर केला होता, पण गोणपाट तपासलं नाही. मी दार लावायच्या आधी बघायला हवं होतं, मीही बघितलं नाही. त्याचा जो काही दंड असेल तो द्या. आजपासून डफ कोठीत येणार नाही. आला तर थंड येईल, आणि भप्प वाजेल तर भप्प वाजेल." मग ती दाराकडे वळली. "पण कोठी रिकामी नाही. दा, तुमचं माप आणलंय."

दा बिहीनं पहिल्यांदा मान वळवली.

"मला ते तीन वर्षं सुचत नव्हतं," ती म्हणाली. "सोमवारी आपोआप साठलं. मी त्यातलं काही काढलं नाही, काही घातलं नाही."

बाहानं बटण दाबलं. आधी रिबाब. अंगणातले लोक सवयीनं माना हलवायला लागले. मग गोंधळ, खोकला, आणि मग स्पीकरमधून दा बिहीचा आवाज आला, "कोठार, हो!" आणि आईच्या कडेवरचं एक पोर दचकून रडायला लागलं. 

पहिलं घर कोणतं आलं? दम लागलेला, घरघरणारा एक आवाज: "आयत मन्सूर! अरे देवा... आयत मन्सूर आलंय! दा, कुठं ओतू? कुठं ओतू सांग!"

सगळ्यांनी हाज बुजमाकडे बघितलं. आयत मन्सूर म्हणजे त्याचंच घर.

"हाज," बाहा म्हणाला, "तुमच्या हातात किटली होती. मी वरून बघितली. आगीवर पुदिन्याचा चहा ओतणार होता की काय?"

अंगण खदखदून हसलं. हाज बुजमा लाल झाला. "ओतत होतो म्हणून ओतत आलो! हातात होती ती आणली! तू काय आणलं होतंस रे, टायर?" पण त्यालाही हसू आवरेना, आणि डोळे पुसायला त्यानं बाही वर घेतली ती बराच वेळ तिथंच राहिली.

पुढं मात्र कुणी हसलं नाही. घर आलं, ऐकलं. घर आलं, ऐकलं. बहुतेक आवाज बायांचे. पूर्वी नाव पुरुषानं पुकारायचं असा रिवाज होता म्हणतात. पण पुरुष कासाब्लांकात आणि आग इथं, मग पुकारणार कोण? त्यांनी पुकारलं, खणखणीत. दा बिहीनं एकीलाही विचारलं नव्हतं की घरातला माणूस कुठाय. प्रत्येकीला त्याच आवाजात म्हणाला होता, "ऐकलं!" अंगणात उभ्या असलेल्या बाया आपापलं नाव आलं की नकळत ताठ होत होत्या. पंचाहत्तरीची एक आजी स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, "अगंबाई, मी अशी ओरडते?" आणि तिच्या सुनेनं सांगितलं, "रोज, सासूबाई."

रेकॉर्डिंग थांबलं. दा बिही काठीवर पुढं झुकला.

"बाप मरायला टेकला तेव्हा त्यानं मला हाळी शिकवली," तो म्हणाला. "तेव्हा गाव भरलेलं होतं. मग एकेक घर जायला लागलं. वीस वर्षं झाली, रोज संध्याकाळी हे दार लावताना माझ्या मनात एकच येतं. उद्या हाळी द्यायची वेळ आली आणि कुणीच आलं नाही, तर? मी राखतोय ते कुणासाठी? कुणाला सांगितलं नाही मी हे. बायकोलासुद्धा नाही." त्यानं नाक ओढलं. "सोमवारी मला वाटलं, भास झाला असेल. म्हाताऱ्याचे कान. आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

"ऐकलं, दा," हाज बुजमा म्हणाला.

"मग हे माझं माप. मी राखणदार, मी घेतलं. दहा हंगामांचं एकदम आलं, सांडतंय अजून." त्यानं पंचांकडे बघितलं. "कुणाचं काही म्हणणं?"

पंचांनी हाज बुजमाकडे बघितलं. त्यानं गुडघ्यावर हात टेकून स्वतःला वर ओढलं. "म्हणणं आहे. माझ्या आज्याच्या कागदांत जमीन लिहिलीय, पाणी लिहिलंय. जीव धोक्यात घालून कोण धावून आलं, हे त्यांत लिहिलेलं नाही. ते त्या कोठीत राहू दे." आणि मग, पुन्हा मोठ्यानं, "आणि माझ्या दुकानाला पाठवा ते. माझ्या पोरांना कळू दे बाप कसा पळतो."

वहमाननं खिशातून फोन काढला, हॉटेलवाल्याचं नाव शोधलं आणि इज्जाकडे बघितलं. तिनं मान हलवली. तो बोलायला लांब, खळ्याच्या बाजूला गेला, आणि "नाही हो, हळू जमत नाही आमच्या बायकोला," एवढं सगळ्यांना ऐकू आलं. इज्जाच्या छातीवरचं ओझं तेव्हा कुठं उतरलं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

"दा," ती म्हणाली, "मग आता राग गेला ना? बसा की. चार दिवस उभे आहात."

"राग?" दा बिहीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिला वेड लागलंय. "कसला राग? हाळी दिलीय मी. सगळी घरं आल्याशिवाय राखणदारानं बसायचं नसतं. बावीस चुली पेटतात या गावात. मी एकवीस मोजली."

इज्जाच्या बोटांनी काल तेच मोजलं होतं. एकवीस.

"आम्ही आतच होतो, दा."

"आत असो नाहीतर बाहेर. घरानं नाव सांगायचं असतं."

 इज्जानं चपला काढल्या, का कुणास ठाऊक, आणि कोठाराच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. वर सगळ्यांत कडेला तिच्या कोठीचं काळवंडलेलं दार उघडं होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला. गाण्याआधी घेते तसा.

"आयत अबेल्ला!"

धुकं नव्हतं. आवाज कड्यावरून खाली गेला, विहिरीपर्यंत, वळणावरच्या दुकानापर्यंत, आणि खाली कुठंतरी तो कोंबडा आरवला.

"ऐकलं," दा बिही म्हणाला, आणि काठी बाजूला ठेवून आपल्या दगडावर बसला.